खालचं दार

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला "सोसायटीची पंचवीस वर्षं" या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. कौतुक करायचं ते अध्यक्षांनी आत्ता केलंच आहे, आणि माझ्यापेक्षा बरं केलं आहे. मी आपल्या खालच्या दाराबद्दल बोलणार आहे. जिन्याच्या तोंडाशी असलेलं ते लोखंडी दार, ज्यातून आपण दिवसातून चारदा जातो-येतो आणि ज्याच्याकडे कुणीच बघत नाही. तिकडे रोडग्यांचा वास सुटला आहे हे मलाही कळतं. लांबवत नाही.

आधी एक गोष्ट पाहा. आपल्या तीन विंगमध्ये मिळून 36 घरं आहेत. प्रत्येकाच्या घराच्या दाराला तोरण आहे, समोर रांगोळी आहे, नावाची पाटी आहे. बहुतेकांनी बाहेरून जाळीचं दार बसवलं आहे, आतून दोन कड्या, एक साखळी आणि भिंगाचा डोळा. दिवाळीला प्रत्येक जण आपलं दार पुसतो, रंगवतो. आणि खालचं दार? त्याला रंग लागला तो बिल्डरनं लावला तेवढाच. त्याच्या वरचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप ओढून लावणारी ती नळी, तेल गळून कधीची मेली आहे. दार वाऱ्यानं लागतं नाहीतर लागतच नाही. आणि त्या दाराशी एक अर्धी वीट ठेवलेली असते. ती वीट कुणाची हे मी पुष्कळांना विचारलं. कुणाचीच नाही. पाण्याचा कॅन आणणारा ती लावतो, सिलिंडरवाला लावतो, कुणाचं सामान चढत असलं की आपण लावतो. काढत मात्र कुणी नाही.

स्कीम नवी होती तेव्हा हे दार नव्हतंच. जिना उघडा होता. जुने सभासद आठवून सांगतील, उन्हाळ्यात रात्री सगळे गच्चीवर झोपायचे, आणि बकऱ्या दुसऱ्या मजल्यापर्यंत यायच्या. मग दोन सायकली गेल्या, म्हणून चॅनेल गेट आलं. चॅनेल गेट ओढताना पहाटे सगळी विंग जागी व्हायची, म्हणून हे दार आलं. म्हणजे दरवेळी काहीतरी गेलं आणि मग काहीतरी आलं. मीही आज तसंच काहीतरी गेल्याबद्दल सांगणार आहे.

बऱ्याच जणांना ते माहीत आहे. पण माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही.

मे महिन्यातली दुपार होती. आपल्याकडची मे महिन्यातली दुपार म्हणजे काय हे पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना सांगावं लागेल, तुम्हाला नाही. पारा 44 च्या पुढे, खिडक्यांना पडदे, घराघरात कूलर सुरू. कूलरच्या घरघरीत शेजारच्या घरात कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. रस्त्यावर कुत्रं नाही. अशा वेळी मी बँकेतून परत आलो, कुलूप उघडलं आणि आत शिरताना मागे एक माणूस आला. तिशीतला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. उन्हातून आला होता. मी दार धरून ठेवलं. तो म्हणाला, "धन्यवाद काका." मला बरं वाटलं, हल्ली कोण म्हणतं! मी पहिल्या मजल्यावर आपल्या घरात गेलो, तो वर गेला.

वर एक आजी एकट्या राहायच्या. त्या माणसानं त्यांची बेल वाजवली. दागिने पॉलिश करायची नवी पावडर आली आहे, कंपनीची जाहिरात आहे, पैसे नाहीत, असं सांगितलं. आधी देव्हाऱ्यातली तांब्याची घंटी घासून दाखवली, ती झळझळीत झाली. मग पैंजण, तेही चकचकीत. मग आजींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्यानं त्या एका डब्यात टाकल्या, वरून हळदीचं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि सांगितलं, "मंद गॅसवर ठेवा, दहा मिनिटं उघडू नका, नाहीतर रंग धरत नाही." दहा मिनिटं आजी गॅसपाशी उभ्या होत्या. डब्यात दोन खडे निघाले. पाटल्या साडेतीन तोळ्यांच्या होत्या, लग्नातल्या.

ही युक्ती नवी नव्हती. पेपरात दर दोन-चार महिन्यांनी अशी बातमी येते, आपण वाचतो आणि म्हणतो, लोक एवढे भोळे कसे!

संध्याकाळी आपण सगळे ऑफिसात जमून कॅमेऱ्याचं चित्रण पाहायला बसलो. आधी तर वेळ जुळेना, कारण डीव्हीआरचं घड्याळ एक तास दहा मिनिटं मागे होतं, आणि ते कधीपासून मागे होतं हे कुणाला सांगता येईना. शेवटी ती दोन मिनिटं सापडली. त्या माणसाची मान खाली होती, तोंडासमोर बॅगेचा पट्टा. चित्रात एकच चेहरा स्वच्छ दिसत होता. हसरा. दार धरून उभा असलेला. माझा.

तेव्हा कुणी मला एक शब्द बोललं नाही. आपल्या लोकांचा हा चांगुलपणा मी विसरणार नाही. पण मीही काही बोललो नाही, हे आज बोलतो आहे. दुसऱ्या दिवशी मी आजींकडे गेलो. काय बोलावं ते सुचेना. त्याच म्हणाल्या, "तुम्ही दार धरलं म्हून काय झालं भाऊ? घरात तं मीच घेतलं ना त्याले. पानी बी म्याच देल्लं." पावसाळ्याआधी मुलगा येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेला. त्यांच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मी खिडक्या उघडून येतो.

आता यानंतर आपण काय केलं ते पाहू, कारण मला खरं तर तेच सांगायचं आहे. आपण घाबरलो. घाबरलेली माणसं कुलूप लावतात. सभेत ठराव झाला की रात्री दहाला दाराला आतून कुलूप, किल्ली वॉचमनकडे एक आणि सेक्रेटरींकडे एक. ठरावाला मी अनुमोदन दिलं होतं. चार महिने बरं चाललं. मग एका रात्री दीडच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. वहिनींनी 108 ला फोन केला. गाडी आली. स्ट्रेचर घेऊन माणसं दाराबाहेर, आपण सगळे दाराच्या आत, आणि मध्ये कुलूप. वॉचमन मागे मोटार बघायला गेला होता, किल्ली त्याच्या खिशात. सेक्रेटरी लग्नाला अमरावतीला, किल्ली त्यांच्या कपाटात. शेवटी त्याच अर्ध्या विटेनं कुलूप फोडलं. त्या विटेचा पंचवीस वर्षांतला हा एकमेव उपयोग. काका समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि मी बोलायला उभा राहिल्यापासून हसताहेत. काका, तुम्ही हसता, पण त्या रात्री वहिनींचा चेहरा आम्ही पाहिला आहे.

बाहेरच्याला अडवणारं दार आतल्याला अडवता कामा नये, हा नियम आपल्याला अनुभवानं कळला. तो लिहिलेला आधीपासून आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडण्याच्या दारांबद्दल हेच सांगितलं आहे की आतून येणाऱ्याला ते किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली आणि 59 माणसं गेली. त्यातली बरीच धुरानं गुदमरली, कारण बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट जास्तीच्या खुर्च्या बसवून बंद केलेली होती. आपल्या गच्चीच्या दारालाही कुलूप आहे, हे लक्षात असू द्या. त्याची किल्ली कुठे आहे, हात वर करा बरं कुणाला माहीत आहे ते. दोन. छत्तीस घरांत दोन.

मधल्या काळात काही तरुण मंडळींनी सुचवलं की किल्ल्याच नकोत, आकडे दाबायचं कुलूप आणि चुंबकाचं लॉक बसवू. माझा यंत्रांना विरोध नाही, माझी मुलगी त्यातच काम करते. पण ती दोन गोष्टी सांगते. चुंबकाचं लॉक विजेवर धरून असतं. वीज गेली की ते सोडून देतं. आगीच्या वेळी ते चांगलंच, पण आपल्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्ही जाणता, म्हणजे बॅटरी हवी, आणि बॅटरीकडे पाहणारा माणूस हवा. दुसरं, आकड्यांचं कुलूप. चार आकडे रोज छत्तीस घरांची बोटं दाबणार. वर्षभरात तेवढ्याच चार बटणांवरचा रंग उडतो. चार वेगळे आकडे कळले की त्यांचे क्रम किती होतात? चोवीस. पाच मिनिटांचं काम. शिवाय तो आकडा आपण दूधवाल्याला सांगणार, पेपरवाल्याला सांगणार, आणि पार्सलवाल्याला फोनवर मोठ्यानं ओरडून सांगणार.

किल्लीचीही तीच कथा म्हणा. सुरुवातीला प्रत्येक घराला तीन किल्ल्या दिल्या, म्हणजे 108. पंचवीस वर्षांत किती भाडेकरू आले आणि गेले? प्रत्येकानं बाजारातून एकेक करून घेतलीच असेल. आणि कुलूप तेच. आपल्या दाराच्या किल्ल्या आज अकोल्यापासून नाशिकपर्यंत कुणाकुणाच्या ड्रॉवरमध्ये पडल्या असतील, देव जाणे.

पाहुणे आले की आपण त्यांना चिखलदऱ्याला नेतो आणि वाटेत गाविलगड दाखवतो. तिथल्या दरवाजांपाशी फोटो काढतो. त्या गडाची एक गोष्ट आपल्या दाराच्या कामाची आहे. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेल्स्लीची फौज आपल्या अचलपुरातूनच, तेव्हाच्या एलिचपुरातून, वर गेली. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. कर्नल स्टीव्हन्सननं डोंगरातून तोफा ओढत उत्तरेकडे नेल्या आणि बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. 15 डिसेंबरला ते आत घुसले. पण आत दुसरा तट होता, आणि त्याचा दरवाजा शाबूत होता. तो काही फुटेना. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या एका अधिकाऱ्यानं 94 व्या पलटणीतली थोडी माणसं घेतली, घळीच्या बाजूनं जिथे कुणाचं लक्ष नव्हतं तिथे तटाला शिड्या लावल्या, आत उतरले आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. एवढा मजबूत दरवाजा, आणि तो आतून उघडला गेला.

मला ही गोष्ट वाचली की आपलं मागचं कंपाउंड आठवतं. शेजारच्या प्लॉटवर बांधकामाची रेती टाकली आहे, ढीग आपल्या भिंतीच्या निम्म्यापर्यंत आला आहे, आणि आपली पोरं क्रिकेटचा चेंडू आणायला त्याच्यावरून सहज ये-जा करतात. आपण मात्र पुढच्या दाराला कुठला कॅमेरा लावायचा यावर दोन मीटिंग घालवल्या.

आणखी एक नाव सांगतो, मग नावं बंद. ऑस्कर न्यूमन म्हणून एक वास्तुरचनाकार होते. अमेरिकेत सेंट लुईस शहरात सरकारनं गरिबांसाठी अकरा मजल्यांच्या 33 इमारती बांधल्या होत्या, प्रुइट-आयगो नावाच्या. त्यांची इतकी दुर्दशा झाली की 1972 पासून त्या पाडायला सुरुवात करावी लागली. न्यूमन तिथे हिंडले. त्यांना दिसलं की घरं आतून नीटनेटकी होती. दोन घरांत मिळून असलेला जिन्याचा चौक स्वच्छ होता. वीस घरांत मिळून असलेला व्हरांडा मात्र उद्ध्वस्त. माणसं तीच. फरक इतकाच की दोन घरांत कोण आपलं आणि कोण परकं हे कळत होतं, वीस घरांत ते कळेनासं झालं होतं. त्यावर त्यांनी 1972 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली, की सगळा दोष इमारतीचा कसा, गरिबी आणि सरकारी हेळसांड कुठे गेली. ती टीका मला पटते. पण व्हरांड्याचं निरीक्षणही पटतं.

आपल्या एका जिन्यावर बारा घरं आहेत. बारा घरांची माणसं ओळखणं अवघड नाही. पूर्वी आपण ओळखत होतो. खालच्या मजल्यावर एक काकू असायच्या, दाराशी पाट टाकून गहू निवडत बसायच्या. कुणी अनोळखी आला की, "कोन होय बाप्पा? कोनाकडं जाऊन रायले?" एवढंच. भांडण नाही, संशय नाही, नुसती विचारपूस. तो माणूस सांगायचा, अमक्याकडे. त्या सांगायच्या, ते घरी नाहीत, सहाला या. चोराला याहून मोठा अडसर नाही, आणि पाहुण्याला याहून मोठं स्वागत नाही. त्या दुपारी मी त्या माणसाला इतकं विचारलं असतं तर? आवाज चढवायची गरजच नव्हती. मी विचारलं नाही, कारण मला ते उद्धट वाटलं. आणि खरं सांगू, त्याचा शर्ट चांगला होता.

या शर्टावर मला थोडं थांबायचं आहे. पाटल्या गेल्यानंतर आपण रजिस्टर सुरू केलं. त्यात सह्या कुणाच्या आहेत पाहा. पाच घरची भांडी करणाऱ्या मावशी, अठरा वर्षं येताहेत, त्यांची रोज सही आणि जाताना पिशवी उघडून दाखवायची. आपल्याकडे भाड्यानं राहणारा मेळघाटातला एक विद्यार्थी आहे, त्याला त्याच्याच घरी जाताना दोनदा थांबवलं. आणि गाडीतून उतरलेल्या, इंग्रजीत फोनवर बोलणाऱ्या माणसाची एकही सही त्या रजिस्टरात नाही. मी दोन वर्षांची पानं चाळली आहेत. म्हणजे आजींना फसवणारा माणूस उद्या पुन्हा आला तर पुन्हा सहीशिवाय वर जाईल. मावशींची पिशवी पाहणं मी माझ्यापुरतं बंद करा म्हणून अर्ज देतो आहे. ज्यांना आपण घराची किल्ली देतो, त्यांची दारात झडती घेतो, हे काही बरं दिसत नाही.

वॉचमनभाऊंबद्दलही बोलायला हवं. ते तिकडे वाढायच्या तयारीत आहेत, म्हणून त्यांच्या मागे बोलतो. जुन्या गावगाड्यात वेशीवर वेसकर असायचा. रात्रभर गावाची राखण तो करायचा, आणि त्याचं स्वतःचं घर मात्र वेशीबाहेर. जात हे त्याचं कारण होतं. ती रीत कायद्यानं गेली. पण आपल्या गेटवरची ती पत्र्याची केबिन मी मे महिन्यात एकदा दहा मिनिटं बसून पाहिली. पंखा नाही, संडास नाही. बारा तासांची ड्युटी, त्यात मोटार चालू करणं, टाकी पाहणं, गाड्या पुसणं, कुणाचं पार्सल, कुणाची भाजी. आणि चोरी झाली की पहिला प्रश्न, "तेव्हा तुम्ही कुठे होता?" ते तेव्हा आपल्यापैकीच कुणाचं तरी काम करत होते. एजन्सीकडून सुरक्षारक्षक घ्यायचे झाले तर 2005 च्या कायद्याप्रमाणे एजन्सीकडे परवाना लागतो, माणसाची चारित्र्यपडताळणी आणि प्रशिक्षण लागतं. ते विचारून घ्यावंच. पण परवाना असलेला माणूससुद्धा बारा तास पत्र्याखाली जागा राहू शकत नाही.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं काम घरमालकांनी वेळेवर करावं, एवढं एकच वाक्य त्या विषयावर. कुणाकडे राहिलं आहे ते मला माहीत आहे, नाव घेत नाही, जेवण सुखानं होऊ द्या.

आता शेवटचं. गेल्या महिन्याच्या सभेत आपण जे ठरवलं त्याप्रमाणे येत्या रविवारी सकाळी नऊला माणूस येतो आहे. नवा क्लोजर बसेल, म्हणजे दार आपोआप लागेल. नवं कुलूप असं आहे की बाहेरून किल्ली लागते आणि आतून नुसती मूठ फिरवली की उघडतं. रात्रीचं कुलूप बंद. गच्चीच्या दारालाही आतून कडीच राहील. दाराबाहेर बारा बेलची पट्टी लागेल, प्रत्येक घराचा नंबर त्यावर, बोलायची सोय असलेली. डीव्हीआरचं घड्याळ दर महिन्याच्या एक तारखेला जुळवायचं काम मी घेतलं आहे, याचं कारण आता सगळ्यांना माहीत आहे. वॉचमनभाऊंच्या केबिनला पंखा आणि मागे संडास, याचा खर्च सिंकिंग फंडातून होत नाही म्हणून वर्गणी काढतो आहोत, वही जेवणाच्या टेबलाशी ठेवली आहे.

किल्ल्या नंबर टाकून मिळतील, घरटी तीन, नोंद करून. चौथी हवी असेल तर कार्यालयात मागायची, बाजारात करायची नाही. आजींच्या घराच्या तीन मी घेऊन ठेवतो. परवा फोनवर म्हणाल्या की दिवाळीला येईन, बरं वाटलं तर राहीनही. नवं दार बसतंय हे सांगितलं, तर म्हणाल्या, "बेल वाजवल्यावर मले खालून दार उघडाले कोनी येईन का नाही?" मी म्हटलं, मी येतो.

रविवारी येताना जुन्या किल्ल्या घेऊन या. आणि ती वीट ज्याची असेल त्यानं घेऊन जावी.